बरणीतला इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहून द्या" असा निरोप आपल्या चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. लढाया, तह आणि सनावळ्या यांत माझी गती शाळेपासूनच बेताची. पण त्याच दिवशी दुपारी गच्चीवर मंडळाच्या कांजीच्या बरण्या उन्हाकडे फिरवायला गेले आणि मनात आले, की इतिहास म्हणजे काय फक्त तट आणि बुरूज? या बरण्यांनाही इतिहास आहे, आणि तो कित्येक राजघराण्यांपेक्षा जुना आहे. शिवाय तो मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातून घडलेला आहे. तेव्हा तोच सांगावा असे ठरवले.

गेल्या वर्षापासून आपल्या मंडळात घरगुती आंबवणीचा जो छंद सुरू झाला आहे, त्याची थट्टा आपल्या घरोघरी झालीच आहे. "आज काय फसफसतंय?" असे आमच्याकडे रोज विचारले जाते. माझी नात काचेच्या बरणीत चहा आंबवून 'कोंबुचा' करते आणि तो जगातला नवा शोध असल्यासारखी त्याच्याकडे पाहते. तिला मी एवढेच म्हटले, की बाळ, तुझी पणजी हेच करीत होती, फक्त तिच्याकडे त्याला इंग्रजी नाव नव्हते. हे बोलून गेले खरे, पण बोलताना मनात काहीतरी टोचले. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या सासूबाई दर वर्षी जांभळाचा शिरका घालीत. पिकलेली जांभळे मिठाबरोबर कुसकरायची, रस फडक्यातून गाळायचा, बरणीत भरायचा, तोंडाला दादरा बांधायचा आणि बरणी उन्हात ठेवायची. पुढे महिनोन् महिने ती तशीच कोपऱ्यात उभी असे. घरात कोणाचे पोट दुखले, की त्यातला चमचाभर शिरका पाण्यातून मिळायचा. सासूबाई गेल्या त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती बरणी माझ्या हाती आली. तळाशी थोडा शिरका होता आणि त्यावर कातड्यासारखा जाड, बुळबुळीत थर तरंगत होता. मला वाटले, नासले. मी तो थर मोरीत ओतला, बरणी राखेने आणि लिंबाच्या सालींनी घासली, उन्हात पालथी घातली आणि आपण किती स्वच्छ गृहिणी आहोत या समाधानात राहिले.

भाऊबिजेला नणंदबाई आल्या. त्यांनी घरी न्यायला थोडा शिरका मागितला. मी बरणी दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, त्यातलं मूळ आईनं तिच्या माहेराहून आणलं होतं. दर वर्षी जुन्यातलं थोडं ठेवून त्यावरच नवं घालायची." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

तो थर म्हणजे काय होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. फ्रेंच लोक त्याला शिरक्याची आई म्हणतात.

आता थोडे शास्त्र. फळाच्या रसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात, तिचे मद्य करतात आणि फसफसणारा वायू सोडतात. बरणीला हवा मिळत राहिली, तर दुसऱ्या जातीचे जीवाणू पृष्ठभागावर साय धरतात आणि त्या मद्याचे आम्ल करतात. तोच शिरका. म्हणून शिरक्याच्या बरणीला घट्ट झाकण न लावता फडके बांधायचे. भाजी, मिरची किंवा कांजी यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मीठ घातले, की नासवणारे बहुतेक जीव मागे पडतात आणि दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद पुढे येतात. ते आंबटपणा निर्माण करतात आणि त्या आंबटपणातच पदार्थ टिकतो. आपण रोज रात्री दुधाला विरजण लावतो, तेव्हा हेच करीत असतो. म्हणजे आंबवणीचा छंद नाही अशी गृहिणी आपल्या गल्लीत शोधून सापडायची नाही.

हे शास्त्र ठाऊक नव्हते तेव्हाही ही विद्या चांगली पिकलेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हा ग्रंथ शतकानुशतके विस्मरणात गेला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना त्याची पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी त्याची संशोधित आवृत्ती १९६० पासून तीन भागांत काढली. या प्रकरणात मद्याचे प्रकार, त्यांची प्रमाणे, विक्रीचे नियम आणि दंड हे सगळे तपशीलवार आहे. दारूवर सरकारचा ताबा असला, तरी कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्याच्या वेळी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा तिथे दिलेली आहे. उत्सव, मेळे आणि यात्रा यांसाठी तर चार दिवसांची मोकळीक सांगितली आहे.

पण मला त्या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन लहान गोष्टी. पहिली किण्वाची, म्हणजे मद्याला लावायच्या विरजणाची. एक द्रोण उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याच्या एकतृतीयांश अधिक तांदूळ आणि त्यात काही वनस्पतींची थोडी थोडी पूड, असे ते किण्व आहे. उडीद आणि तांदूळ! आपल्या इडलीच्या पिठातली हीच जोडी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या ग्रंथात ती भेटली, तेव्हा मला एखादी माहेरची ओळखीची बाई परगावी भेटावी तसे झाले. दुसरी गोष्ट अशी, की सुरेची आणि किण्वाची सामग्री शोधण्या-निवडण्याचे काम बायकामुलांनी करावे असे तिथे सांगितले आहे. अध्यक्ष पुरुष, दंड करणारे पुरुष, पण कोणती मुळी घ्यायची आणि कोणती टाकायची हे हातांना ठाऊक होते ते बायकामुलांच्या. त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही.

आयुर्वेदाने याच विद्येला औषधाचे रूप दिले. चरकसंहितेत धान्य, फळे, मुळे, झाडांचे गाभे, फुले, कांडे, पाने, साली आणि साखर अशा नऊ उगमांपासून होणारे ८४ आसव मोजून दाखवले आहेत. आज वैद्यांकडून आपण द्राक्षासव किंवा अशोकारिष्ट आणतो, त्यांत धायटीची फुले पडतात ती या आंबवणीसाठीच. मद्यापलीकडे नुसत्या आंबट पाण्याचेही किती भेद! तुसासकट जवाचे ते तुषोदक, तूस काढलेल्या जवाचे ते सौवीरक, आणि धान्य पाण्यात आंबवून होणारी ती धान्याम्ल अथवा कांजी. रसशास्त्रातले वैद्य धातू तापवून जी शुद्ध करण्यासाठी बुडवीत, त्या द्रवांत तेल, ताक आणि गोमूत्र यांच्याबरोबर ही कांजीही आहे. म्हणजे जे पाणी घरात प्यायचे, त्यानेच प्रयोगशाळेत तांबे आणि लोखंड शुद्ध व्हायचे.

आपल्या महाराष्ट्रात या कुळातली सर्वांत जिवाभावाची वस्तू म्हणजे आंबील. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात भिजवायचे, सकाळी शिजवायचे, मीठ घालायचे आणि उन्हात कामाला जाणाऱ्या माणसाच्या हाती तांब्या द्यायचा. गरिबाघरची न्याहारी ती, पण देवीच्या नैवेद्यातही तिला मान आहे. कोल्हापूरला रेणुकेची आंबील यात्रा भरते, तेव्हा घरोघरच्या बायका आंबिलीची भांडी घेऊन देवळात येतात. आमच्या कोकणात आंबोळीचे पीठ आणि खारातली मिरची, तर खाली गोव्यात माडाची सूर. ही सूर नुसती पिण्याची नव्हे. तिथले पदेर पूर्वी पावाचे पीठ तिनेच फुगवीत, सान्नां तिनेच हलकी होत आणि ती आंबून झालेल्या शिरक्याशिवाय तिथले ख्रिस्ती स्वयंपाकघर चालत नसे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात माडाच्या सुरेची हकीकत आहे.

पुढे इंग्रजी अमलात १८७८ चा आबकारी कायदा आला, ताडामाडांवर कर बसले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. नाव बदलून तो आपल्याकडे आजही लागू आहे. तेव्हा भगिनींनो, कौटिल्याने दिलेली चार दिवसांची मोकळीक आपल्याला नाही, हे आपल्या उत्साही सभासदांनी ध्यानात ठेवावे! द्राक्षांचा रस बाटलीत कोंडून काय होते ते पाहण्याचा छंद आपला नव्हे. आपला छंद कांजी, आंबील, शिरका, खार आणि मिरचीचा सॉस यांपुरता आहे, आणि तेवढ्यातही आयुष्य पुरणार नाही.

सॉसचा विषय निघालाच आहे, तर एका बाईचे नाव इथे घेतलेच पाहिजे. प्राचीन रोमन लोक मासे मिठात आंबवून 'गारुम' नावाचा सॉस करीत. पाँपेई हे त्याच्या धंद्याचे एक मोठे गाव होते. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते गाव गाडले गेले, म्हणून तिथल्या घागरी त्यांवरच्या अक्षरांसह टिकल्या. स्काउरुस नावाच्या व्यापाऱ्याने तर आपल्या घराच्या फरशीतच या सॉसच्या घागरींची चित्रे जडवून घेतली होती. पण काही घागरींवर उंब्रिकिया फोर्तुनाता या बाईच्या कारखान्याचे नाव आहे. मासे आणि मीठ आंबवणाऱ्या हजारो बायकांपैकी एकीचे नाव उरले, तेही ज्वालामुखीच्या कृपेने. आपल्या किनाऱ्यावर खारवलेली मासळी बरणीत भरणाऱ्या कोळणींची नावे कोणत्या घागरीवर आहेत?

ही विद्या शास्त्राच्या हाती गेली ती एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये लील या गावी लुई पाश्चर प्राध्यापक असताना १८५६ साली तिथल्या एका कारखानदाराने त्याच्याकडे तक्रार नेली, की बीटाच्या रसापासून मद्य करताना काही पिंपे आंबट होऊन वाया जातात. पाश्चरने चांगल्या आणि नासलेल्या पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८५७ साली त्याने दूध आंबण्याच्या क्रियेवर निबंध वाचला आणि आंबणे हे सजीवांचे काम आहे हे पुढे प्रयोगांनी सिद्ध केले. १८६८ साली त्याचा शिरक्यावरचा ग्रंथ निघाला. शिरक्यावर जी साय येते ती जिवंत आहे आणि तीच शिरका करते, हे त्याने दाखवले. मी मोरीत ओतले ते हेच. सासूबाईंनी पाश्चरचे नावही ऐकले नव्हते, पण जुन्यातले थोडे राखून ठेवायचे हे त्या जाणत होत्या.

आणि शास्त्राच्या हाती गेल्यावरही स्वयंपाकघराची मदत सुटली नाही. जर्मनीत रोबर्ट कोख जीवाणू वेगळे करून वाढवण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी जिलेटीनची थंड वडी वापरीत, पण ती उन्हाळ्यात वितळे आणि काही जीवाणू तर ती चक्क पातळ करून टाकीत. त्याच्या प्रयोगशाळेतील डॉ. वाल्थर हेस्से या अडचणीने हैराण झाला होता. १८८१ साली त्याची पत्नी फॅनी हेस्से हिने सुचवले, की मी फळांची जेली घट्ट करायला अगर-अगर वापरते, ते वापरून पाहा. ती युक्ती तिला जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून मिळाली होती. आपण जिला चायना ग्रास म्हणतो तीच ही वस्तू. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत जीवाणू त्याच अगरवर वाढवले जातात. कोखने १८८२ साली क्षयाच्या जंतूवरील आपल्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीबाईंचा केला नाही.

इंग्लंडमधली गोष्ट तर आपल्या छंदाच्या अगदी जवळची आहे. तिथे घरोघरी आल्याची फसफसती 'जिंजर बिअर' करीत. नाव बिअरचे असले, तरी ते मुलाबाळांचे पेय होते. साखरेच्या पाण्यात आले घालून त्यात एक 'रोप' सोडायचे. हे रोप म्हणजे साबुदाण्यासारखे पांढुरके गोळे. ते वाढत जात आणि वाढलेले शेजारणीला द्यायचे, अशी त्याची परंपरा होती. सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवरील रोगाचा छडा लावणारा मार्शल वॉर्ड या शास्त्रज्ञाने ठिकठिकाणांहून हे गोळे मिळवले आणि १८९२ साली त्यांचे गूढ उकलले. एक यीस्ट आणि एक जीवाणू एकमेकांच्या आधाराने त्यात राहत होते. त्यांना एकमेकांपासून वेगळे करून पुन्हा एकत्र आणून त्याने तसेच रोप तयार करून दाखवले. पण वॉर्डकडे हे रोप आले कुठून? घरोघरच्या बायकांनी ते वर्षानुवर्षे जिवंत ठेवले आणि वाटले, म्हणून.

आपल्याकडे पाककृती छापल्या जाऊ लागल्या त्यालाही आता दीडशे वर्षे होत आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे, ते तर आपल्यापैकी अनेकींच्या लग्नात आंदणात आले. ही पुस्तके मोठ्या उपकाराची आहेत. पण आंबवणीत प्रमाणाइतकीच महत्त्वाची असते ती खूण: वास कसा यावा, बुडबुडे कधी थांबावे, वर आलेली साय ठेवावी की टाकावी. ही खूण एकीने दुसरीला बरणीजवळ उभी करून दाखवावी लागते. मी सासूबाईंच्या बरणीजवळ वीस वर्षे वावरले, पण शेजारी उभी राहून एकदाही विचारले नाही.

म्हणून गेल्या वर्षी आपण मंडळाच्या गच्चीवर सहा बरण्या घातल्या, त्या मला नुसती गंमत वाटत नाहीत. पहिल्या खेपेला सहापैकी दोन फसल्या. एकीत गाजराचे तुकडे पाण्यावर तरंगत राहिले आणि त्यांवर हिरवी काळी बुरशी आली. दुसरीत मीठ अंदाजाने पडले आणि भाजी मऊ होऊन वास सुटला. दोन्ही आपण न चाखता टाकून दिल्या, तेच बरोबर झाले. त्यानंतर आपण वही घातली. त्या वहीतून इथे दोनच कृती देते.

गाजराची कांजी अशी: दोन लिटर उकळून गार केलेले पाणी, अर्धा किलो गाजर, एक बीट, दोन मोठे चमचे मोहरीची ताजी पूड, दोन मोठे चमचे मीठ आणि चवीला तिखट. सगळे काचेच्या बरणीत भरायचे, फडके बांधायचे, रोज स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळायचे. उन्हाळ्यात तीन दिवसांत आणि थंडीत पाचसहा दिवसांत आंबट होते. मग शीतकपाटात ठेवून आठवड्याभरात संपवायची.

मिरचीचा सॉस असा: अर्धा किलो लाल किंवा हिरव्या मिरच्या देठे काढून भरड वाटायच्या आणि त्यांत १५ ग्रॅम मीठ तोलून घालायचे, म्हणजे शेकडा तीन. दाबून भरायचे, रस वर आला पाहिजे. कमी वाटला तर पावलिटर गार पाण्यात ८ ग्रॅम मीठ विरघळवून ते वरून ओतायचे. बरणी तीनचतुर्थांशच भरायची आणि रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडायचा. न सोडल्यास काय होते ते आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर अजून दिसते. दहा दिवसांनी बारीक वाटून, गाळून, थोडा शिरका घालून बाटलीत भरायचा. अमेरिकेतला प्रसिद्ध टबॅस्को सॉस १८६८ पासून या तऱ्हेनेच, मिरची मिठात मुरवून होतो. ते लोक लाकडी पिंपात तीन तीन वर्षे थांबतात. आपल्याला दहा दिवस निघत नाहीत.

आणि दोन सूचना. तांब्या-पितळेची वा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नका, आम्ल धातूला खाते. शंका आली तर पदार्थ टाका, पण टाकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या बाईला दाखवा. हे दुसरे वाक्य मी माझ्याच अनुभवातून लिहिते आहे.

गेल्या ज्येष्ठात मी त्याच बरणीत पुन्हा जांभळाचा शिरका घातला. यंदा त्यावर पातळशी साय धरली. ती सासूबाईंच्या माहेरची नव्हे, ती वाट मी बंद केली, हे मला ठाऊक आहे. तरी नणंदबाईंना मी ती दाखवायला बोलावले. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी दादरा सोडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अजून कोवळा आहे. राहू दे."

तेव्हा माझी सर्व भगिनींना विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारून एक तरी आंबवणीची कृती, खुणांसकट आणि जिने शिकवली तिच्या नावासकट, मंडळाच्या वहीत लिहावी. वही चिटणीसबाईंकडे आहे. आणि ज्यांना शिरक्याचे मूळ हवे असेल त्यांनी पुढच्या दिवाळीनंतर झाकणाची लहान बाटली घेऊन माझ्याकडे यावे. तोवर तो कोवळा राहणार नाही.